रेकॉर्डवर नसलेली नावे



गेल्या महिन्यात अंजूरला आमच्या नात्यातील एका मुलीचा मंगल परिणय झाला. बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील दिले, वधूवरांनी प्रतिज्ञा घेतल्या, पुढाऱ्यांची भाषणे नेहमीप्रमाणे लांबली आणि पंगती उठल्यावर मांडवाबाहेर बेंजो पार्टी सुरू झाली. आधी भीमगीते झाली. मग बेंजोवाल्या पोराने एकदम चाल बदलली आणि 'शोला जो भडके' सुरू केले. काय सांगावे मंडळी! गोदामात माल चढवून-उतरवून थकलेली पोरे उठली, लूमवरची माणसे उठली, आणि सत्तरी ओलांडलेल्या आमच्या आत्याबाईसुद्धा दोन्ही हात पुढे करून कंबर किंचित हलवीत भगवानदादांच्या त्या ठेक्यावर नाचू लागल्या.

आमची भाची नववीत आहे. तिने विचारले, "मामा, हे गाणं म्हटलंय कुणी?"

एकजण म्हणाला, "भगवानदादांनी." दुसरा म्हणाला, "रफी असणार." तिसऱ्याने खिशातून मोबाईल काढला, पण तेवढ्यात जेवणाची शेवटची पंगत बसली आणि प्रश्न तसाच राहिला. आम्हाला मात्र तो रात्रभर टोचत राहिला. गाणे सत्तर वर्षांहून अधिक काळ जगले, अंजूरच्या मांडवापर्यंत पोचले, आणि ते म्हणणाऱ्याचे नाव शंभर माणसांत एकालाही आठवू नये! म्हणून यावेळच्या सदरात त्या गाण्यामागची गोष्ट सांगायची आहे.

गाणाऱ्याचे नाव चितळकर. सोबत लता मंगेशकर. चित्रपट 'अलबेला', साल १९५१. शब्द राजेंद्र कृष्ण यांचे आणि संगीत सी. रामचंद्र यांचे. आता गंमत अशी की चितळकर आणि सी. रामचंद्र ही दोन माणसे नव्हेत. रामचंद्र नरहर चितळकर हे एकच गृहस्थ. चाल बांधली की ते सी. रामचंद्र होत आणि माइकपुढे उभे राहिले की चितळकर होत. पुष्कळ श्रोत्यांना हे शेवटपर्यंत कळलेच नाही.

हे रामचंद्र म्हणजे आपल्याच नगर जिल्ह्यातले. १२ जानेवारी १९१८ रोजी पुणतांब्याला जन्म. विनायकबुवा पटवर्धनांकडे गाणे शिकले. सिनेमात आले ते नट होण्यासाठी. १९३५ च्या 'नागानंद' चित्रपटात नायकाचे काम मिळाले, पण चित्रपट पडला. नायकाची खुर्ची गेली तेव्हा माणूस गावी परतला नाही. सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये दुसऱ्या संगीतकारांच्या हाताखाली पेटी वाजवीत बसला. तिथे बसून त्यांनी साऱ्या वाद्यांचा, साऱ्या वादकांचा अभ्यास केला. ज्यांना मोठी नोकरी मिळत नाही म्हणून छोटी नोकरी अपमानाची वाटते, अशा आमच्या तरुण मित्रांनी हे लक्षात ठेवावे.

पुढे त्यांना जोडीदार भेटला तो भगवान. भगवान आबाजी पालव. गिरणी कामगाराचा मुलगा. स्वतःही मजुरी केलेला, शिक्षण बेताचे, शरीर थोराड, आणि डोक्यात सिनेमा. मूकपटापासून कामे करीत करीत तो मारामारीचे स्वस्त चित्रपट काढू लागला. त्याचे प्रेक्षक म्हणजे परळ-लालबागचे कामगार, हमाल, टांगेवाले. १९४१ चा 'वनमोहिनी' हा तमिळ चित्रपट भगवानने दिग्दर्शित केला आणि संगीत रामचंद्रांना दिले. १९४२ च्या 'सुखी जीवन'पासून हिंदीतली जोडी जमली. 'शहनाई' (१९४७) मधल्या 'आना मेरी जान संडे के संडे' या गाण्याने सी. रामचंद्र हे नाव देशभर झाले. गिटार, माउथ ऑर्गन, सॅक्सोफोन आणि चक्क शिट्टी. जाणत्या मंडळींनी नाके मुरडली, हे कसले संगीत म्हणून टीका केली. पण रविवार हीच ज्यांची हक्काची सुट्टी, त्या चाळींनी ते गाणे उचलून धरले.

मग राज कपूरने भगवानला सल्ला दिला की मारामारी पुरे, आता घरगुती चित्रपट काढ. त्यातून 'अलबेला' निघाला. नायक भगवान स्वतः, नायिका गीता बाली. एक गरीब नोकरदार तरुण, डोक्यात नाटक-गाण्याचे वेड, घरची माणसे हैराण. भगवानला नाच कोणी शिकवला नव्हता. पाय फारसे न उचलता, हाताच्या आणि खांद्याच्या हालचालींवर तो नाचे. म्हणूनच तो नाच सगळ्यांना जमला. आमच्या आत्याबाईंनाही जमला! त्याच चित्रपटात 'भोली सूरत दिल के खोटे' आहे, 'शाम ढले खिडकी तले' आहे, आणि 'धीरे से आजा री अखियन में' ही अंगाईसुद्धा आहे. आमच्या पिढीतल्या कित्येकांना आईने त्याच अंगाईवर झोपवले असेल. नाचवणारा आणि झोपवणारा संगीतकार एकच, सी. रामचंद्र.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. 'शोला जो भडके'चा ठेका आला कुठून? पुणतांब्याहून तर आला नाही. गंधर्व महाविद्यालयातूनही आला नाही.

तो आला अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजातून. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना गुलाम म्हणून विकले गेले, त्या लोकांनी जॅझ नावाचे संगीत उभे केले. अमेरिकेत त्या काळी अनेक हॉटेलांत असा नियम होता की कृष्णवर्णीय वादकाने मंचावर वाजवावे, पण गिऱ्हाईक म्हणून टेबलावर बसू नये. त्याची कला चाले, त्याचे पंगतीला बसणे चालत नसे. आपल्या वाचकांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. कृष्णवर्णीयांची हार्लेम ही वस्ती त्या विद्यापीठाला लागूनच आहे. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी त्या समाजाचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉईस यांना पत्र लिहिले, आणि त्यांच्या प्रश्नाचे व आपल्या प्रश्नाचे साम्य स्पष्ट शब्दांत मांडले.

या कृष्णवर्णीय वादकांपैकी काहीजण देश सोडून जगभर हिंडू लागले. १९३५ साली बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. त्याच वर्षी मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबे या कृष्णवर्णीय वादकाचा बँड आला. मागोमाग क्रिकेट स्मिथ आले, टेडी वेदरफोर्ड आले. वेदरफोर्ड हे पियानो वाजवीत. शिकागोत असताना त्यांनी लुई आर्मस्ट्राँग या जगप्रसिद्ध ट्रंपेटवादकाबरोबर काम केले होते. १९४५ मध्ये कलकत्त्याला पटकीने त्यांचा मृत्यू झाला.

ताजच्या दारातून आपल्यासारख्यांना कोण आत सोडणार? पण गोव्याची गरीब ख्रिस्ती मुले वादक म्हणून आत गेली. गोव्यात त्या वेळी पोर्तुगीज राज्य होते आणि गावोगावच्या चर्चच्या शाळांत व्हायोलिन आणि नोटेशन शिकवीत. नोटेशन म्हणजे सुरांची लिपी. पाच रेघांवर खुणा मांडायच्या आणि त्या बघून कोणीही, कुठेही तेच सूर वाजवायचे. ही मुले मुंबईला येत, धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या 'कूड' नावाच्या क्लबात राहत आणि काम शोधत. ताजमध्ये त्यांनी कृष्णवर्णीय उस्तादांच्या मांडीला मांडी लावून जॅझ शिकून घेतले.

त्यात एक होता हळदोण्याचा अँतोनियो झेवियर वाझ. १९१६ चा जन्म. लोक त्याला चिक चॉकलेट म्हणत, आणि तो हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखला जाई. १९४९ मध्ये मुंबईत दारूबंदीचा कायदा आला. दारूबंदीला आमचा विरोध नाही, पंचशील आम्हीही घेतो. पण हॉटेलांतली गर्दी ओसरली आणि वादकांची पोटे सिनेमाच्या स्टुडिओकडे वळली. चिक चॉकलेट सी. रामचंद्रांचा साहाय्यक झाला. रामचंद्र चाल गुणगुणणार, गोव्याचा माणूस ती कागदावर उतरवणार, कुठे ट्रंपेट, कुठे क्लॅरिनेट, कुठे बोंगो हे मांडणार, आणि वीस-तीस वादक तो कागद बघून एका दमात वाजवणार. 'शोला जो भडके'मध्ये बोंगो, ओबो, ट्रंपेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन आहेत. 'अलबेला'च्या एका गाण्यात तर चिक चॉकलेट आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. पुन्हा चित्रपट पाहाल तेव्हा नायकावरची नजर थोडी मागे न्या.

'ईना मीना डीका'ची गोष्ट अशीच आहे. चित्रपट 'आशा', साल १९५७. किशोरकुमारनेही म्हटले आणि आशा भोसलेंनीही. रामचंद्रांच्या संगीताच्या खोलीबाहेर मुले खेळत होती. आपली मुले राज्य कोणावर ते ठरवण्यासाठी जसे अडम-तडम काहीतरी म्हणतात, तसे इंग्रजी बडबडगाणे ती म्हणत होती. ते ऐकून रामचंद्र आणि त्यांचे गोव्याचे साहाय्यक जॉन गोम्स यांनी अर्थ नसलेल्या शब्दांचा खेळ सुरू केला. गोम्सनी त्यात 'मला नको' अशा अर्थाचे आपल्या कोंकणीतले दोन शब्द खुशाल घुसडले. सारा देश ते म्हणतो, पण आपण कोंकणी बोलतोय हे कोणाला ठाऊक असते? याच सी. रामचंद्रांनी १९६३ मध्ये 'ऐ मेरे वतन के लोगों' या कवी प्रदीपांच्या गीताला चाल दिली, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर ते फक्त नाचगाण्याचे संगीतकार वाटायचे.

मंडळी, त्या काळची रेकॉर्ड म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी लाखेची तबकडी. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. गायक आणि सारे वादक एकाच वेळी गात-वाजवत. एकाचा सूर चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. इतके सगळ्यांचे काम, पण तबकडीच्या मधोमध जो गोल कागद असे, त्यावर चित्रपटाचे नाव, गायकाचे नाव, संगीतकाराचे नाव. वादकाचे नाव नाही. त्यांना शिफ्टचे पैसे मिळत, नाव मिळत नसे.

गायकांनाही ते सहज मिळाले असे नाही. १९४९ च्या 'महल' चित्रपटातले 'आयेगा आनेवाला' लता मंगेशकरांनी म्हटले. पण पहिल्या रेकॉर्डवर गायिकेचे नाव छापले होते 'कामिनी'. कामिनी म्हणजे चित्रपटात मधुबालाने केलेली भूमिका! रेडिओवर गाणे लागले तेव्हा लोकांनी विचारणा केली की ही गाते कोण, आणि मग खरे नाव बाहेर आले. लोकांनी विचारले म्हणून नाव मिळाले, हे ध्यानात घ्या. आमच्या भाचीने विचारले त्याचे म्हणूनच आम्हाला कौतुक वाटले.

या सगळ्या गोष्टी आम्हाला पहिल्यांदा ज्यांनी सांगितल्या, त्यांच्याविषयी आता लिहिणे भाग आहे. ते आमचे चुलते. आम्ही त्यांना तात्या म्हणत असू.

आमचे मूळ गाव घाटावरचे. आजोबांच्या पिढीपर्यंत गावकीचे काम म्हणून दवंडी पिटणे, जत्रेला डफ वाजवणे आमच्या घराकडे होते. १९५६ नंतर वस्तीने बैठक घेऊन ही सारी कामे सोडली. आजोबांनी डफ आडावर नेऊन फोडला, असे घरात सांगत. पुढे वडील भिवंडीला आले, लूमवर लागले, आणि अंजूरला खोली घेतली. पाठोपाठ तात्या आले. तेही लूमवर लागले, पण त्यांचा कान यंत्राच्या खडखडाटात रमेना. भिवंडीतल्या एका लग्नाच्या बँडमध्ये गोव्याकडचे एक म्हातारे बँडमास्तर होते. तात्या सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे जाऊन क्लॅरिनेट शिकू लागले. नुसते ऐकून वाजवणे नव्हे. नोटेशन वाचून.

वडिलांना हे कळले तेव्हा घरात मोठे भांडण झाले. ते आम्ही आईकडून ऐकले आहे. वडील म्हणाले, "ज्या हातांनी डफ फोडला, त्याच घरात पुन्हा पिपाणी? लोकांच्या दारात वाजवायला जाणार? यासाठी बाबासाहेबांनी धम्म दिला का?"

तात्या म्हणाले, "दादा, डफ हुकमानं वाजवायचा होता. हे मी ठरवून वाजवतो. आधी पैसे ठरवतो, मग वाजवतो. उष्टं आणत नाही. कागद वाचून वाजवतो."

वडिलांना ते पटले नाही. दोघे भाऊ एका वस्तीत राहत होते, पण तीन वर्षे बोलले नाहीत. आज आम्हाला वाटते, दोघांचेही बरोबर होते. वडिलांनी पाहिलेला अपमान खरा होता, आणि तात्यांच्या हातातली विद्याही खरी होती. वाजवणे हलके नसते. हुकूम हलका असतो. एवढी साधी गोष्ट समजायला आमच्या घराला तीन वर्षे लागली. एका चौदा एप्रिलला तात्यांनी आपला बँड मिरवणुकीत फुकट वाजवायला आणला. पहाटेपर्यंत वाजवले. मिरवणूक विसर्जित झाल्यावर वडील त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "घरी चल. चहा घे." त्यापुढे या विषयावर घरात कोणी बोलले नाही.

तात्या गॅसबत्तीच्या उजेडात लाल कोट घालून वाजवीत. 'शोला जो भडके' हे त्यांचे हुकमी गाणे. मास्तरांकडून ऐकलेल्या ताजच्या, चिक चॉकलेटच्या गोष्टी ते आम्हाला अंगणात बसून सांगत, आणि म्हणत, "हे गाणं ऐकशील तेव्हा चितळकरांच्या मागं ऐक. तिथं माणसं आहेत."

१९९१ हे बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचे वर्ष. गावोगावच्या गायन पार्ट्यांनी भीमगीतांच्या कॅसेट काढल्या. तशीच एक कॅसेट भिवंडीच्या एका पार्टीने मुंबईच्या स्टुडिओत जाऊन काढली आणि तात्या त्यात क्लॅरिनेटवर होते. आम्ही तेव्हा पाचवीत होतो. त्यांनी घरी दोन कॅसेट आणल्या. आम्ही कव्हर उलटसुलट करून पाहिले. बाबासाहेबांचा फोटो, गायकाचे नाव, कवीचे नाव, कंपनीचा पत्ता. आम्ही विचारले, "तात्या, तुमचं नाव कुठाय?" ते हसले आणि म्हणाले, "आत आहे. लाव म्हणजे ऐकू येईल."

मुले अशा उत्तराने गप्प बसतात. आज मात्र आम्हाला ते उत्तर पुरेसे वाटत नाही. सिनेमावाल्यांनी वादकांची नावे छापली नाहीत याचा आपल्याला राग येतो. मग आपल्याच कॅसेटवर, बाबासाहेबांच्याच फोटोखाली, आपल्याच वादकाचे नाव का नव्हते? ज्या समाजाने शतकानुशतके नाव नसलेले श्रम केले, त्याने तरी आपल्या श्रमणाऱ्याचे नाव लिहायला नको का? वामनदादा कर्डकांसारख्या महाकवीनेही १९४३ मध्ये आपले पहिले गीत एका हिंदी चित्रगीताच्या चालीवरच रचले. सिनेमाच्या चाली आपल्या घरात अशा आल्या, आपल्या गीतांच्या झाल्या. पण वामनदादांच्या मागे रात्र-रात्र ढोलकी धरणाऱ्या, कोरस म्हणणाऱ्या किती माणसांची नावे आपण सांगू शकू?

नाव राहिले तरी माणूस राहतो असे नाही, हेही खरे. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधले 'माय नेम इज अँथनी गोन्साल्विस' सर्वांना माहीत आहे. अंड्यातून बाहेर येऊन अमिताभने केलेली गंमत म्हणून आपण हसतो. पण अँथनी गोन्साल्विस हा खरा माणूस होता. गोव्यातल्या माजोर्ड्याचा, १९२७ चा जन्म, सिनेमाच्या वाद्यवृंदातला थोर व्हायोलिनवादक. १९५८ मध्ये त्याने गोव्याचे वादक आणि आपले हिंदुस्थानी वादक एकत्र बसवून मोठा वाद्यवृंद उभा केला होता. संगीतकार लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यातले प्यारेलाल हे त्याचे शिष्य. शिष्याने गुरुदक्षिणा म्हणून गुरूचे नाव गाण्यात घातले. सारा देश ते नाव घेतो, पण २०१२ मध्ये गोन्साल्विस वारले तेव्हा हा माणूस खरोखर होता हे पुष्कळांना पहिल्यांदाच कळले. वादकांची दखल घेणारी पुस्तके अलीकडची. ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकाने जुन्या वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ मध्ये पुस्तक लिहिले, तर २०१२ मध्ये नरेश फर्नांडिस यांचे मुंबईच्या जॅझवरचे पुस्तक आले. तोवर चिक चॉकलेटला जाऊन पंचेचाळीस वर्षे झाली होती.

आणि भगवानदादा? 'अलबेला'नंतर काही चित्रपट पडले. जुहूचा पंचवीस खोल्यांचा बंगला गेला, मोटारी गेल्या, आणि दादा दादरच्या चाळीत परतले. पडत्या काळात बहुतेक मित्रांनी पाठ फिरवली. जे थोडे मित्र भेटायला येत राहिले, त्यांत सी. रामचंद्र होते. ५ जानेवारी १९८२ रोजी रामचंद्र गेले. ४ फेब्रुवारी २००२ रोजी भगवानदादा त्याच चाळीत वारले. पण म्हणतात की मिरवणुका त्यांच्या चाळीपुढे थांबत, बँडवाले 'शोला जो भडके' वाजवीत आणि म्हातारा हात पुढे करून दोन पावले नाचे. पैसे गेले, बंगला गेला, पण चाळीने नाव विसरले नाही. गिरणी कामगाराच्या मुलाला कामगारांनी सांभाळले.

आमचे तात्या जाऊन बारा वर्षे झाली. लग्नातला बँड गेला, बेंजो आला, आता डीजेही आला. त्यांची क्लॅरिनेट आमच्याकडे आहे, पण वाजवणारे घरात कोणी नाही. परवाच्या मंगल परिणयानंतर आम्ही कपाट उघडून ती १९९१ ची कॅसेट काढली. फीत कुजली आहे, लागत नाही. म्हणजे 'आत आहे' म्हणणाऱ्या तात्यांचा सूरही आता ऐकू येणार नाही. आम्ही कव्हरवर बॉलपेनने लिहिले : क्लॅरिनेट, आणि पुढे तात्यांचे पूर्ण नाव. मग भाचीला बोलावून ते वाचून दाखवले. आपल्याच घरचे नाव आपल्याच सदरात छापणे बरे दिसत नाही, म्हणून इथे देत नाही. इथली जागा तुमच्या घरच्या नावांसाठी ठेवली आहे.

तेव्हा वाचकांना विनंती अशी. आपल्या घरात जुन्या भीमगीतांच्या, लोकगीतांच्या कॅसेट असतील तर आधी त्या बाहेर काढा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, ढोलकीवर कोण होते, पेटीवर कोण, कोरसला कुठल्या बाया होत्या. सांगणारी माणसे आहेत तोवरच विचारा. नावे कव्हरवर लिहा आणि एका कागदावर लिहून आमच्याकडे पाठवा. या सदरात आम्ही ती क्रमाने छापू. आणि येत्या जयंतीच्या पत्रिकेत अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, प्रमुख पाहुणे यांच्या यादीखाली दोन ओळी बेंजोवाल्याला आणि ढोलकीवाल्याला द्या. छपाईचा खर्च त्याने वाढत नाही.

परवा अंजूरला बेंजो वाजवणाऱ्या त्या पोराला आम्ही निघताना नाव विचारले. तो गोंधळला. म्हणाला, "साहेब, पैसे मिळाले."

आम्ही म्हणालो, "पैशाचं नाही विचारलं बाळा. नाव सांग."

जयभीम. पुढच्या अंकी भेटूच.